मुक्कामाचा हिशेब

'मजल दरमजल' हा मराठीतील एक जुना शब्दप्रयोग. मजल म्हणजे माणसाला आणि त्याच्या जनावराला एका दिवसात झेपेल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी असणारा मुक्काम. पूर्वीच्या काळी प्रवासाचे अंतर कोसांत जेवढे मोजले जाई, तेवढेच मुक्कामांतही मोजले जाई. अमुक गाव 'चार मुक्कामांवर' आहे असे सांगितले की ऐकणाऱ्यास वाट, वाटखर्च आणि शिदोरी या तिन्हींचा अंदाज येत असे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या त्यामागेही हाच विचार होता. वाटसरूला वाटेइतकीच विसाव्याची जागाही लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजही आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अडीच आठवड्यांहून अधिक काळ चालते. पुणे आणि सासवड येथे तर ती दोन-दोन रात्री विसावते. लाखो माणसे, त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले कितीतरी वारकरी, पंढरपूरपर्यंत पायी पोहोचतात, याचे श्रेय जितके भक्तीला तितकेच मुक्कामांच्या त्या शिस्तबद्ध आखणीलाही द्यावे लागते.

आजचा प्रवासी मात्र तासांत बोलतो. "सहा तासांत पोहोचलो," असे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद असतो. मग कोणीतरी साडेपाच तासांचा विक्रम सांगतो आणि चर्चा मोटारीच्या अश्वशक्तीकडे वळते. प्रवास चांगला झाला की नाही हे ठरवण्याची ही रीत फसवी आहे आणि महागही आहे. ती किती महाग आहे, याचा हिशेब आर्थिक व्यवहारांशी रोज संबंध येणाऱ्या वाचकांनी तरी मांडून पाहायला हवा.

यात एक गंमत आहे. जुनी वाहने दुबळी होती, म्हणून प्रवाशाला सक्तीची विश्रांती मिळत असे. १९८३ च्या डिसेंबरात 'मारुती ८००' रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचा मोटारप्रवास खऱ्या अर्थाने सुरू झाला. ७९६ घन सेंटिमीटरचे ते चिमुकले इंजिन. त्यात आई-वडील, दोन मुले, एक आजी आणि टपावर बांधलेल्या बॅगा. कशेडी किंवा खंबाटकी चढताना इंजिनाचा ताप वाढे, मोटार कडेला घ्यावी लागे. तेवढ्यात चहा होई, मुले दगड गोळा करीत, आजी पाय मोकळे करी. रेल्वेचेही तसेच होते. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडली जात आणि तेवढ्या थांब्यात फलाटावरचा बटाटेवडा अर्ध्या महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला. मागून जोर लावणाऱ्या त्या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात, ही माहिती या मासिकाच्या वाचकांना विशेष आवडावी.

ती सक्ती आता उरली नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. मोटारीतील इंजिने शक्तिमान झाली, वातानुकूलन सर्वसामान्य झाले, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाल्याने टोलनाक्यावरची रांगही आखडली. हे सारे स्वागतार्हच आहे. तथापि या सुधारणांत एक गोष्ट नकळत घडली. मोटार थकेनाशी झाली आणि म्हणून आपणही थकत नाही असा चालवणाऱ्याचा समज झाला. मानवी शरीराची नवी आवृत्ती मात्र अद्याप बाजारात आलेली नाही.

व्यवसायानिमित्त होणाऱ्या प्रवासात हा समज सर्वाधिक आढळतो. सोलापूरच्या एखाद्या चादर-टॉवेल व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. मुंबईच्या घाऊक खरेदीदाराने सकाळी साडेअकराची वेळ दिली आहे. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. व्यापारी पहाटे तीनला उठतो, चारला स्वतः मोटार हाकीत निघतो आणि अकराच्या सुमारास मुंबईत पोहोचतो. बोलणी, जेवण, आणखी दोन भेटी यांत सहा वाजतात. मुक्काम करावा तर लॉजचे दोन-तीन हजार रुपये जाणार, शिवाय उद्या सकाळी दुकान उघडायचे आहे. "रात्री रस्ता मोकळाच असतो," असे म्हणून तो परत फिरतो. शहराच्या गर्दीतून वाट काढीत पनवेल ओलांडेपर्यंत आठ वाजतात. त्या क्षणी तो सतरा तास जागा आहे आणि घर अजून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे.

सतरा तास हा आकडा महत्त्वाचा आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांचा एक प्रयोग १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सतत जागरणाचा आणि मद्याचा माणसाच्या कार्यक्षमतेवर होणारा परिणाम त्यांनी शेजारी ठेवून मोजला. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे त्यांना आढळले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, एवढी आहे. आयुष्यात मद्याच्या थेंबाला न शिवलेला हा सज्जन व्यापारी पनवेलच्या पुढे जी मोटार चालवतो आहे, ती कायद्याच्या मर्यादेपलीकडे प्यायलेल्या माणसासारखी चालवतो आहे. त्याला कोणी पोलीस अडवणार नाही, कारण झोप मोजणारे यंत्र नाक्यावर नसते. रात्री एक वाजता तो घराजवळ येईल तेव्हा बावीस तासांचे जागरण झालेले असेल. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ८० मीटरहून अधिक अंतर मोटार कोणाच्याही हाती नसते.

आता या प्रवासाचा जमाखर्च पाहू. आठशे किलोमीटरसाठी साधारण पन्नास लिटर पेट्रोल, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास, आणि टोल वेगळा. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडले जाते, पण मालक गल्ल्यावर पेंगतो. कित्येकदा त्याच दिवशी कच्च्या मालाचा एखादा सौदा घाईने आणि वाईट दराने होतो, आणि हा तोटा कोणत्याही वहीत 'प्रवासखर्च' म्हणून नोंदला जात नाही. याउलट रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस त्याच व्यापाऱ्याला झोपेत मुंबईला नेते आणि दुसऱ्या रात्री झोपेतच परत आणते. दोन्ही बाजूंचे वातानुकूलित शयनयानाचे भाडे पेट्रोलच्या खर्चाहून कमी पडते आणि लॉजचाही खर्च वाचतो. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी वंदे भारत हे अंतर सुमारे साडेसहा तासांत कापते. ज्याला रात्रीच्या गाडीत झोप येत नाही, त्याला तीही सोय आहे.

रात्रीची रेल्वे हा फिरता मुक्कामच आहे आणि देशभर विखुरलेल्या मराठी माणसाला तो नवा नाही. इंदूरकरांची अवंतिका, बडोदेकरांची वडोदरा एक्सप्रेस, हैदराबादकरांची हुसेनसागर, बेळगावकरांची बेंगळुरूला नेणारी राणी चन्नम्मा, कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरची विदर्भ. या गाड्यांनी व्यापारी, वकील, परीक्षार्थी आणि बँकांचे निरीक्षक यांच्या पिढ्या वाहिल्या आहेत. अडचण आरक्षणाची असते हे मान्यच आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तेव्हापासून नियोजन करणाऱ्याला थोडा कमी अवधी मिळतो. परंतु व्यावसायिक भेटीची तारीख दोन महिने आधी ठाऊक असणे दुर्मीळच. खरा उपाय वेगळा आहे. भेटीची वेळ ठरवून मग प्रवास शोधण्याऐवजी, सोयीची गाडी पाहून मग भेटीची वेळ मागावी. "मंगळवारी साडेअकराऐवजी बुधवारी दहा वाजता चालेल का?" असे विचारल्याने आजवर एखादा गिऱ्हाईक तुटल्याचे सहसा ऐकिवात नाही. पुरवठादाराने वेळ मागितली तर त्याची किंमत कमी होते, ही भीती बहुधा मनातलीच असते.

बँकांच्या नोकरवर्गालाही हे लागू पडते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या सेवानियमांत दौऱ्यावरील दैनिक भत्त्याला 'हॉल्टिंग अलाउन्स' असे नाव आहे. नियम करणाऱ्यांनी मोठ्या सूज्ञपणे 'थांबण्याचा' भत्ता ठेवला. मात्र तो घेऊनही न थांबण्याकडे कल असतो. तीन शाखांची तपासणी एका दिवसात उरकून रात्री घर गाठणारा अधिकारी कर्तबगार समजला जातो. तिसऱ्या शाखेत संध्याकाळी सात वाजता तारण मालाची मोजदाद करताना त्याचे डोळे पोत्यांवर असतात आणि लक्ष घड्याळावर असते, ही गोष्ट अहवालात उमटत नाही. गोदामातला घोटाळा ज्या भेटीत सापडायला हवा होता त्या भेटीत का सापडला नाही, याचे उत्तर कधी कधी दौऱ्याच्या वेळापत्रकातच दडलेले असते.

'घरी जाऊन झोपलेले बरे' या म्हणण्यात तथ्य नाही असे मात्र नव्हे. घरी आजारी माणूस असतो, लहान मूल असते. स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीत अनोळखी गावातील लॉज हा खर्चापेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न असतो. त्यांच्यासाठी अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचणे हा नियम कार्यालयाने स्वतःहून पाळला पाहिजे, त्यांनी मागण्याची वाट पाहू नये. लहान व्यापाऱ्याला तर रात्रीचे दोन हजार खरोखरच जड असतात. परंतु त्याने तरी निदान अर्ध्या वाटेवर, पुणे किंवा इंदापूर येथे, नातलगाकडे पाठ टेकावी. मावशीच्या घरी अवेळी जाण्याचा संकोच मराठी माणसाने कधीपासून धरला, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

सहलीच्या प्रवासाकडे वळले की चित्र बदलते, पण मूळ प्रश्न तोच राहतो. कुटुंबासह मोटारीने दूरवर जाण्याची हौस गेल्या वीस वर्षांत खूप वाढली आणि तिच्यासाठी मोटार घेणारेही वाढले. शाखेत कर्जाची चौकशी करायला येणारे तरुण दाम्पत्य बहुधा आधी उंच, भारदस्त एसयूव्हीचे नाव घेते. कारण विचारले तर उत्तर येते, "कोकणात जायला बरी पडेल." कोकणात वर्षातून किती वेळा, असे पुढे विचारले तर हसून "एकदा, फार तर दोनदा" असे सांगितले जाते. येथे आकडेमोड करणे अरसिकपणाचे वाटेल, पण ती केलीच पाहिजे. शहरातील रोजच्या वापराला पुरेशी लहान मोटार आणि ती एसयूव्ही यांच्या किमतींत सहा लाखांचा फरक आहे असे धरू. हे जादा सहा लाख दर साल दर शेकडा ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर त्यांचाच मासिक हप्ता सुमारे ९,६५० रुपये होतो, म्हणजे वर्षाला एक लाख पंधरा हजारांहून अधिक. सात वर्षांत व्याजच दोन लाखांच्या पुढे जाते. दरम्यान विम्यासाठी धरली जाणारी मोटारीची किंमत पहिल्या वर्षाअखेरीपर्यंत १५ टक्क्यांनी, तिसऱ्या वर्षाअखेरीपर्यंत ३० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेरीपर्यंत ५० टक्क्यांनी घटवली जाते. याउलट सात आसनांची मोटार चालकासह भाड्याने घेतली आणि किलोमीटरला १८ रुपये दर धरला, तर सहा दिवसांची दीड हजार किलोमीटरची सहल चालकाच्या भत्त्यासह तीस हजारांच्या आत बसते. एका वर्षाच्या जादा हप्त्यांत अशा जवळजवळ चार सहली होतात. ज्या कुटुंबाला वर्षातून एकच सहल परवडते, त्याने उरलेल्या तीन सहलींचे पैसे मोटारीच्या आकारापायी दिलेले असतात.

मोठी मोटार घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. एकत्र कुटुंब असेल, वारंवार दूरचा प्रवास असेल, गावचा रस्ता खडबडीत असेल तर तिची गरज खरी आहे. पण ती निवडताना नजर भलतीकडे जाते. शोरूममध्ये पाच मिनिटे चालकाच्या आसनावर बसून, पडदा किती इंचांचा आणि सनरूफ आहे की नाही हे पाहून सौदा ठरतो. सनरूफ ही वस्तू भारतातल्या उन्हात वर्षातले दहा महिने झाकून ठेवावी लागते आणि उरलेल्या दोन महिन्यांत तिच्यातून मुले डोके बाहेर काढतात, जे मुळीच करू देऊ नये. लांबच्या प्रवासात कामास येतात त्या गोष्टी साध्या असतात. मागच्या आसनाची बैठक मांडीला आधार देईल एवढी लांब आहे का? आजीला पाय फार उचलावा न लागता आत बसता येते का? सहा जणांचे सामान आसनाखाली न कोंबता मागे मावते का? दिव्यांचा झोत रात्री पुरेसा पडतो का? १९५८ ते २०१४ अशी छपन्न वर्षे बनलेल्या अॅम्बॅसॅडरमध्ये आज मिरवण्याजोगे काहीच नव्हते, पण तिचे मागचे आसन दिवाणखान्यातल्या कोचासारखे होते आणि म्हणूनच ती गेली तेव्हा हळहळणारे बहुतेक लोक मागे बसणारे होते.

सुरक्षिततेची माहिती मिळवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशी मूल्यांकन पद्धती सुरू झाली असून ती मोटारीला प्रौढ आणि बालक प्रवाशांच्या संरक्षणासाठी वेगवेगळे तारे देते. परंतु तारे कितीही असोत, पट्टा न लावणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे पालघर जिल्ह्यात महामार्गावरील अपघातात निधन झाले. मोटार उत्तम परदेशी बनावटीची होती. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले, आणि मृत्यू त्या दोघांचाच झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. पट्टा न लावल्यामुळे मृत्यू पावलेले १६,७१५ होते, त्यांपैकी ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. हे दोन आकडे जवळजवळ समान आहेत, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पट्टा हे चालकाचे आणि दंडाचे प्रकरण आहे, मागे बसणाऱ्याने पाय पसरून निवांत बसावे, ही समजूत अजून घराघरांत आहे.

भाड्याच्या मोटारीबद्दलही एक सावधगिरी सांगायला हवी. गावोगाव ओळखीच्या माणसाची पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी मोटार 'डिझेल आणि वर काहीतरी' देऊन सहलीला नेण्याचा प्रघात आहे. ती स्वस्त पडते, मालकही ओळखीचा असतो. परंतु खासगी मोटारीच्या विमापत्रात भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि पैसे देऊन मोटार नेली होती हे उघड झाले, तर मोटारीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला आधार मिळतो. मोटार कर्जावर असेल तर तिचा सांगाडा गॅरेजमध्ये आणि हप्ते चालू, अशी त्या मालकाची अवस्था होते. मित्राला मदत म्हणून घेतलेले चार हजार रुपये त्याला चार लाखांना पडू शकतात. यास्तव भाड्याने घ्यायची तर पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परवान्याची मोटार घ्यावी. स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली मिळते. स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांनीही विमापत्र एकदा उलगडून पाहावे. मालक-चालकासाठी असलेले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सोबत बसलेल्या पत्नीला आणि मुलांना लागू नसते. त्यांच्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि तो हप्ता एका वेळच्या हॉटेलातील जेवणापेक्षा बहुधा कमीच असतो.

सहलीच्या आखणीत सर्वात मोठा दोष हव्यासाचा. बँक कर्मचाऱ्यांच्या एलएफसीच्या सहली याचा उत्तम नमुना ठरतील. चार वर्षांची सवलत एका दमात वसूल करायची म्हणून दहा दिवसांत अकरा ठिकाणे आखली जातात. पहाटे पाचला उठून मोटारीत बसणे, दुपारी देऊळ, संध्याकाळी धबधबा, रात्री अकराला पुढचे गाव. परतल्यावर छायाचित्रे पाहताना कोणते देऊळ कोणत्या गावचे यावरून पती-पत्नीत मतभेद होतात. या धावपळीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रणरणत्या उन्हात डोके दुखते, उलटी होते, आणि 'हिला गाडी लागते' असे निदान करून घरातली मंडळी मोकळी होतात. दर दोन तासांनी चांगल्या जागी वीस मिनिटे थांबायचे, हे निघतानाच ठरवले तर तीच स्त्री पाणीही पिते आणि खिडकीबाहेरचा देशही पाहते. दिवसाला तीनशे किलोमीटर आणि एका गावी दोन रात्री, एवढे पथ्य पाळणाऱ्यांच्या सहली सहसा बिघडत नाहीत. अकरा ठिकाणांची पाच झाली तर देवही रागावत नाहीत.

राहिला तो माणूस, ज्याच्याविषयी प्रवासाच्या कोणत्याच आखणीत एक ओळही नसते. मोटार भाड्याची असो की कंपनीची, ती चालवणारा माणूस रात्री कोठे झोपतो? बहुतेक वेळा मोटारीतच. साहेब किंवा सहलीचे कुटुंब वातानुकूलित खोलीत शिरते आणि चालक आसन मागे झुकवून, काच दोन बोटे उघडी ठेवून, डास मारीत रात्र काढतो. भाड्याच्या बिलात 'नाईट हॉल्ट'चे तीन-चारशे रुपये लावलेले असतात, म्हणून प्रवाशाची सदसद्विवेकबुद्धी शांत असते. ते पैसे वाचवून घरी न्यावेत असे चालकाला वाटते, आणि त्यात त्याचा दोष काढता येणार नाही. परंतु सकाळी सहाला त्याच्याच हाती सहा जिवांचे चाक असते. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने प्रौढ चालकाचे काम दिवसाला आठ तासांवर बांधले होते. तो कायदा आता २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेत समाविष्ट झाला आणि आठ तासांचे तत्त्व कायम राहिले. प्रत्यक्षात 'साहेबांना सोडून ये, मग पाहुण्यांना आण' या दोन वाक्यांत आठाचे पंधरा तास कसे होतात, हे कोणत्याही कार्यालयातील चालक सांगू शकेल. प्रवाशाला वेळेवर पोहोचवण्याची सारी जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याच्या झोपेची जबाबदारी कोणीच घेत नाही, ही या विषयातील सर्वात बोचणारी गोष्ट आहे.

या बाबतीत तामिळनाडूने एक चांगले पाऊल उचलले. त्या राज्याने २०२३ मध्ये बांधकामविषयक नियमांत दुरुस्ती करून हॉटेले आणि लॉज यांना चालकांसाठी शयनकक्ष आणि स्वच्छतागृहे पुरवणे बंधनकारक केले. मोटार उभी करण्याच्या प्रत्येक जागेमागे एक खाट, आणि ही सोय आवारात किंवा अडीचशे मीटरच्या आत असावी, असे त्यात म्हटले आहे. मोटारींची संख्या मोजणाऱ्या नियमाने पहिल्यांदाच त्या मोटारी चालवणाऱ्यांची संख्या मोजली. इतर राज्यांतील प्रवाशांना मात्र तोवर स्वतःच चौकशी करावी लागेल. खोली राखताना गरम पाणी, नाश्ता, वाय-फाय यांची विचारपूस होते, त्यात "आमच्या ड्रायव्हरची झोपण्याची सोय आहे का?" हा आणखी एक प्रश्न घालता येतो. सोय नसेल तर जवळच्या साध्या लॉजमध्ये पाच-सहाशे रुपयांत एक खाट मिळते. ते पैसे चालकाच्या हाती न देता लॉजवाल्याला द्यावेत आणि किल्ली चालकाच्या हाती द्यावी. कार्यालयांच्या प्रवासखर्चाच्या नमुन्यात यासाठी स्वतंत्र रकाना नाही. तो घालायला एका परिपत्रकाची गरज आहे, आणि परिपत्रके काढण्यात बँका कधी मागे राहिलेल्या नाहीत.